आधी कुंपण रोपाला होते

मावळात राब भाजून झाला, की पाऊस पडायच्या आत एक काम हमखास असे. करवंदीच्या, बोरीच्या काटेरी फांद्या तोडून आणायच्या आणि रोपाच्या वाफ्याभोवती रचायच्या. परगावच्या माणसाला वाटावे, गुरांसाठी असेल. गुरांचा प्रश्न नव्हता, ती गुराख्यामागे डोंगराला जात. कुंपण असे ते कोंबड्यांसाठी. भाजून भुसभुशीत झालेली माती, तिच्यात नुकताच फेकलेला भात आणि पहिल्या सरीने वर आलेले किडे-गांडुळे! चार कोंबड्या अर्धा तास जरी आत शिरल्या, तरी घराच्या वर्षभराच्या भाताचा सत्यानाश. म्हणून रोप कोंडायचे आणि कोंबडी मोकळी सोडायची. कुणाची कोंबडी कुणाच्या रोपात गेली, की पहिला प्रश्न कोंबडीवाल्याला नसे, रोपवाल्याला असे: कुंपण का नाही घातलेस?

आज विसापूरच्या पायथ्याला, मळवलीच्या पलीकडे, आमच्या घरामागे ३० बाय २० फुटांचे जाळीचे आवार उभे आहे. आत वीस-बावीस कोंबड्या. राब भाजणारी घरे गावात मोजकीच उरली. शेजारच्या तीन शेतांचे प्लॉट झाले, त्यातल्या दोहोंवर बंगले उभे राहिले, तिसऱ्यावर नुसतीच भिंत आणि कुलूप. म्हणजे रोप गेले, त्याचे कुंपण गेले आणि कोंबडीभोवती आले. असे करायचे कुणी ठरवले नव्हते.

आमच्या जुन्या घराचे खुराडे वेगळे बांधलेले नव्हतेच. पडवीच्या दगडी जोत्यात, पायरीला लागून, दीड हात उंचीचा एक कोनाडा ठेवलेला होता. तोंडाला सागाची फळी आणि फळीला टेकवलेला पाटा. पाटा फुटका होता, म्हणूनच त्या कामावर नेमला होता. आत चुलीतली राख पसरलेली. राखेत लोळल्याने पिसवा-लिखा मरतात, हे आजीला कुणी शिकवले नव्हते आणि आम्हाला तिने शिकवले नाही. राख टाकायची, एवढेच. कोपऱ्यात एखादी कोंबडी गुपचूप अंडे घालून बसली असेल, तर घरातले सगळ्यात लहान मूल आत सरपटत जाई. मी गेलेलो आहे. त्या अंधारातला उबट, तिखट वास अजून नाकात आहे; त्याला आठवणींचा सुगंध वगैरे म्हणणार नाही, तो कोंबडीच्या शिटेचा वास होता.

पण खुराडे ही फक्त रात्रीची सोय. तांबडे फुटले की फळी निघे आणि कोंबड्या दिवसभर कुणाच्या ताब्यात नसत. गोठा, उकिरडा, वाडग्याची, बांधाबांधाची झुडपे, ओढ्याची कड, शेजारच्यांचे खळे, परत उकिरडा. एका कोंबडीला जागा किती लागते, हे तेव्हा कुणी मोजले असते तर उत्तर एकरात आले असते. खायला घालणे म्हणजे सकाळी मूठभर कणी आणि संध्याकाळी ताटातले उष्टे. बाकी तिचे तिने बघायचे. पिल्ले असली तर दादा वारुळाचे एखादे ढेकूळ फोडून आणी, वाळवीवर पिल्ले तुटून पडत. दिवेलागणीला आजी पायरीवर उभी राहून ‘तीऽ तीऽ तीऽ’ करी आणि कुठकुठून सगळ्या गोळा होत. आत जाताना ती मोजे. एखादी कमी भरली की तिचे पहिले वाक्य ठरलेले, “आंब्यावर बसली असंल रांड.” बहुतेक वेळा तसेच निघे.

सकाळी फळी काढण्याआधीचा एक विधी मात्र चुकत नसे. प्रत्येक कोंबडी धरून आजी करंगळी लावून चाचपे. आज अंडे आहे असे हाताला लागले, की ती कोंबडी बाजूला काढून डालग्याखाली. डालगे म्हणजे बांबूच्या बेळांचे विणलेले, पालथे घालायचे मोठे टोपले. वर दगड, आत पाण्याची नरोटी. अंडे घालेपर्यंत तिला सुटका नाही, नाहीतर ती दुसऱ्याच्या गवताच्या गंजीत जाऊन घालणार आणि मग त्या घराशी महिनाभर अबोला. कोंबडी कुणाची हे ओळखायला पायाला चिंधी बांधलेली असे. आमची निळी, चुलत्याची लाल. चिंधी गळून पडली किंवा कुणी पाडली, की त्यावरून झालेली भांडणे मी वतनाच्या भांडणाइतकी पेटलेली पाहिली आहेत.

खुडूक कोंबडी बसवायची तर टोपलीत आधी राख, वर पेंढा, त्यावर अंडी. अंडी विषम, नऊ किंवा अकरा, सम संख्या आजीला चालत नसे. पेंढ्यात लोखंडाचा एखादा तुकडा, खिळा किंवा मोडका विळा, कारण विजेच्या कडकडाटाने अंडी पोचट होतात असे सगळे मावळ मानी. २१ दिवस मोजायचे. अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी परातीत कोमट पाणी घेऊन अंडी हलकेच सोडायची. आत जीव असेल ते अंडे पाण्यावर आपोआप हलते, डुचमळते. मेलेले नुसते तरंगत राहते. दहा वर्षांच्या पोराला तो खेळ कुठल्याही जादूगारापेक्षा मोठा होता. विद्यापीठात पुढे विज्ञान शिकलो, पण जिवंत आणि मेलेले यातला फरक मी त्या परातीत पाहिला.

आता इथपर्यंत आठवले, की आमच्या पिढीची माणसे उसासा टाकतात आणि थांबतात. थांबू नये. अकरा अंड्यांतून आठ पिल्ले निघत आणि आठांतली तीन जगली तर आजी खूश असे. घार दिवसाढवळ्या अंगणातून पिल्लू उचले. आईचा एक विशिष्ट आवाज येई, पिल्ले पंखाखाली पळत आणि घराघरातून ‘हुऽऽश’ असा गजर होई, पण तोवर घार आंब्याच्या शेंड्यापलीकडे गेलेली असे. मुंगूस, रानमांजर, कधी धामण अंड्यांसाठी. हे सगळे परवडत होते. न परवडणारी गोष्ट एकच, मानमोडी.

उन्हाळ्याच्या अखेरीला एखाद्या घरची कोंबडी मान वाकडी करून गोल फिरू लागे. हिरवट जुलाब, चोच उघडी, पंख गळालेले. मग तीन दिवसांत शेजारचे घर, आठवड्यात सगळा गाव. लसूण, हळद, कांद्याचा रस, सगळे घालून व्हायचे. काही उपयोग नसे. हाच तो राणीखेत रोग. कुमाऊंतल्या राणीखेतला १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो नोंदला गेला म्हणून आपल्याकडे ते नाव पडले. जगात त्याला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे नाव आहे. गंमत अशी, की त्यावरची लस मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत १९४०च्या दशकातच तयार झाली होती. पण ती थंड ठेवावी लागे, एका कुपीत शंभरावर कोंबड्यांची मात्रा येई आणि आमच्या गावात फ्रीज तर सोडाच, वीज सगळ्या घरांत नव्हती. आठ कोंबड्यांच्या बाईसाठी शंभराची कुपी कोण फोडणार? मानमोडीनंतरचे गाव मला आठवते. पहाटे आरवायला एकही कोंबडा उरला नव्हता. मग कुणीतरी पाव्हण्याकडून एक तलंग आणि एक नर आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या मोकळेपणाला हीच किंमत होती. गावभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना रोगही मोकळाच मिळे.

कोंबड्या असत बायकांच्या. शेत आजोबांचे, गुरे आजोबांची, भात विकला तर पैसे आजोबांचे. कोंबडी आणि अंडे यात मात्र पुरुष बोलत नसे. आमचे आजोबा माळकरी. आमची इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, त्यामुळे मावळात घरटी एखादा तरी माळकरी असेच. ते अंड्याला शिवत नसत, आजीही खात नसे, पण ती अंडी विकत होती आणि त्यात दोघांनाही काही विसंगत वाटत नव्हते. कामशेतच्या आठवडे बाजाराला ती भुशात रचलेली अंडी टोपलीतून नेई. लोणावळ्याहून सायकलवर एक अंडेवाला येई, तो खंडाळ्या-लोणावळ्याच्या बंगल्यांतून ती पोचवी. पारशी मंडळींचा सकाळचा नाश्ता आमच्या उकिरड्यावर तयार होत असे, हे त्यांना ठाऊक नसावे. कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. कार्ल्याची एकवीरा हाकेच्या अंतरावर. मुंबई-ठाण्या-रायगडचे आगरी-कोळी नवस फेडायला येत, चैत्रात तर गर्दी मावत नसे, आणि तुरा चांगला असलेला तांबडा नर चैत्रासाठी राखून ठेवायचा हे पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईला कळे. माझी दहावीची फी आणि बहिणीच्या कानातले डूल त्या पैशातून झाले. घरातल्या वहीत त्याची नोंद सापडणार नाही.

मग काय काय झाले, ते एका दमात सांगता येते, कारण ते झालेही एका दमात. १९७८ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि तरुण माणसे सकाळच्या गाडीने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाऊ लागली. त्याच सुमारास पुण्यात अंड्यांचा धंदा आकार घेत होता. डॉ. बी. व्ही. राव यांची वेंकटेश्वरा हॅचरीज, मग १९८२ची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आणि तिची ‘संडे हो या मंडे’ची जाहिरात. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी पांढरी कोंबडी आली. आमची गावरान पन्नास-साठ देई आणि मध्येच खुडूक होऊन महिनाभर संपावर जाई. तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते. पुढे ब्रॉयलरची लांबलचक पत्र्याची शेडे मावळात उभी राहिली. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे, शेड आणि राबणे शेतकऱ्याचे. एका पक्ष्याला जागा एक चौरस फूट, आयुष्य सहा आठवडे. तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊस आले, त्यांतला गुलाब फेब्रुवारीत परदेशी जाऊ लागला. २००२पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबई दोन तासांवर आली. शेताला ‘व्ह्यू’ असतो हे आम्हाला तेव्हा कळले.

जुने घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले. जोते गेले तसे जोत्यातले खुराडेही गेले. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. शेणाने सारवलेल्या अंगणात कोंबडी शिटली तर कुणाला काही वाटत नसे, ब्लॉकवर शिटली की डाग पडतो. कोंबड्या विकल्या कधी, खाल्ल्या कधी, आठवत नाही. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, त्या बातमीने ज्यांच्या घरी चार-दोन उरल्या होत्या त्यांनीही संपवल्या. मधली कित्येक वर्षे आमच्या घरात अंडी ट्रेमधून आली.

टाळेबंदीच्या वर्षी वहिनीने पुन्हा कोंबड्या आणल्या. तिचे म्हणणे एवढेच होते, की घरात बसून कंटाळा आलाय आणि नातवंडांनी कोंबडी फक्त मोबाईलवर बघितली आहे. सुरुवातीला काही गिरीराज. ही बंगळूरुच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात, रंगीबेरंगी, अंगाने भरलेली, गावरानपेक्षा दुपटीने अंडी देणारी. पण ती खुडूक बसत नाही. पिल्ले काढायची तर गावरान आई हवीच, म्हणून दोन-तीन गावरान. त्या मात्र सहज मिळेनात. पार आंदर मावळातून, टाकव्याच्या पलीकडून आणाव्या लागल्या.

मोकळ्या सोडल्या आणि आठवड्यात दोन गेल्या. घारीने नेल्या नव्हत्या. एक गाडीखाली आली. आमच्या दारापुढचा रस्ता आता बंगल्यांचा आहे आणि शनिवारी त्यावरून गाड्या वेगात येतात. दुसरी कुत्र्यांनी फाडली. गावची कुत्री पूर्वीही होती, पण ती कुणाच्या तरी दारची होती आणि कोंबडीला तोंड लावले तर काय होते हे त्यांना पक्के माहीत होते. ही नवी टोळी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी टाकलेल्या बिर्याणीवर वाढलेली, कुणाचीच नसलेली. बिबट्या तेव्हाही होता, आजही आहे. तो रात्री येतो. पूर्वी भीती रात्रीची असे आणि तिला एक फळी नि फुटका पाटा पुरत होता. आता भीती दिवसाची आहे. दिवसा गावात ओरडायला कुणी नसते. घार आली की घराघरातून उठणारी ती आरोळी हेच खरे जुने कुंपण होते. म्हाताऱ्या, पोरे, भांडी घासणाऱ्या बाया. म्हाताऱ्या गेल्या, पोरे शाळेच्या बसमध्ये, बाया कामावर.

आधी दादाने तयार लोखंडी पिंजरा आणला, सहा बाय चार. दहा कोंबड्यांना कागदावर तो पुरेसा होता. पुस्तकातले माप बघा: बंदिस्त पद्धतीत अंड्याच्या कोंबडीला दोन चौरस फूट, आणि कारखानी पिंजऱ्यात सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या चौरस फुटालाही कमी. त्या हिशेबाने आमच्या कोंबड्या श्रीमंतच होत्या. पण पावसाळा यायच्या आतच त्यांनी एकमेकींच्या पाठीची पिसे उपटायला सुरुवात केली. एकीला रक्त आले, की बाकीच्या तिथेच टोचतात. एकीला अंडे फोडून खायची चटक लागली. कोंबडीचा दिवस उकरण्यात जातो. उकरायला माती नसेल तर ती शेजारणीला उकरते. युरोपने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२पासून बंद केले, त्यामागे हेच निरीक्षण होते. आजीला कायद्याची गरज पडली नव्हती, तिच्याकडे उकिरडा होता.

म्हणून हे मोठे आवार. दादा निवृत्तीनंतर मोकळाच होता, मी सुट्टीला गेलो की हाताखाली. पहिला वाद जाळीवरून झाला. दुकानदार ज्याला कोंबडी जाळी म्हणतो ती षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ओढली की उलगडते. म्हणून खालचे तीन फूट वेल्डमेश, बोटभर चौकोनाची, मुंगसाचे डोके जाणार नाही अशी, आणि त्यावर स्वस्तातली षटकोनी. जाळी फूटभर जमिनीत पुरायची, म्हणजे कुणी खालून उकरून येत नाही, असे सगळेच सांगतात. सांगणारे बहुधा काळ्या मातीतले. आमच्याकडे अर्ध्या फुटावर कातळ लागला, पहार वाजायला लागली. मग जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या अंगाला काटकोनात वळवून जमिनीवर पसरला आणि त्यावर पडक्या घराच्या जोत्याचे दगड रचले. कुत्रे कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरते, तिथे त्याच्या नखाला जाळी लागते. दोन पावले मागे जाऊन उकरावे एवढी अक्कल त्याला अजून आलेली नाही.

वरून घार आणि शिक्रा. पॉलिहाऊसमधून निघालेली जुनी शेडनेट स्वस्त मिळते, मावळात ती सगळीकडे दिसते, पण आमच्या पावसात ती टाकणे म्हणजे पाण्याची झोळी बांधणे. शेवटी वर आले कोळ्यांचे जाळे. एकवीरेला दर चैत्रात येणारे आणि आजीच्या काळापासून आमच्या पडवीत टेकणारे एक कुटुंब आहे, त्यांनी वापरातून गेलेले नायलॉनचे जाळे आणून टाकले. पाऊस आरपार, पाने थोडी अडकतात, घार जवळ येत नाही. पहिले काही दिवस त्याला मासळीचा वास होता आणि गावातली सगळी मांजरे खाली बसून वर बघत.

पण खरा शत्रू पाऊस, हे लोणावळ्याच्या आसपास राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पडतो, वडगाव-तळेगावकडे सरकावे तसा झपाट्याने कमी होतो; आम्ही मधले, पण ओल्या बाजूचे. पूर्वीची कोंबडी अशा पावसात काय करी? पडवीत, गोठ्यात गव्हाणीखाली, गाडीच्या साट्याखाली उभी राही आणि उघडीप मिळाली की बाहेर पडे. तिच्या शिटा दहा घरांच्या अंगणात वाटल्या जात, एका जागी साचत नसत. ६०० चौरस फुटांत वीस कोंबड्या कोंडल्या, की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा चिखल होतो, चिखलात शिट मिसळते, डोळ्यांना झोंबणारा अमोनिया सुटतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. म्हणून एक तृतीयांश भागावर पत्रा, उतार चांगला तीव्र, पन्हळ लावून पाणी थेट चरात. जमीन मुरुमाने हातभर उचललेली. पश्चिमेकडून झड येते, ती बाजू खाली पत्र्याने बंद, वर हवेला फट. आत भाताच्या तुसाचा जाड थर, कामशेतच्या गिरणीतून पोत्यांनी आणलेला. तूस ओला झाला की दाताळ्याने खालीवर करायचा, थोडा चुना मारायचा. दसऱ्यानंतर तेच खत वांग्या-मिरच्यांना जाते.

उघड्या भागाचे मधोमध दोन तुकडे केले आहेत. कोंबड्या एका तुकड्यातले गवत पंधरा दिवसांत मुळासकट संपवतात, मग फाटक बदलायचे आणि त्यांना दुसऱ्यात सोडायचे. रिकाम्या तुकड्यात वहिनी मका नाहीतर लसूणघास फेकते. अशी फिरवाफिरव आजीला करावी लागली नाही, कारण कुठलीच जमीन तिच्या कोंबड्यांच्या वाट्याला दिवसभर येत नव्हती.

जाळीला खर्च झाला चाळीस हजारांच्या पुढे. चुलती बघायला आली. वय झालेय, पण जीभ तशीच. तिने आत बोट घालून जाळी हलवून पाहिली, आम्हा दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, “एवढ्यात माझ्या लग्नाचा मांडव, जेवणं नि वऱ्हाडाच्या गाड्या झाल्या असत्या रं. कोंबडीची सोयरीक आहे काय कुटं?”

तिच्या बोलण्यातली खोच मला नंतर जाणवली. खुराडे होते तोवर कोंबड्या आजीच्या होत्या. जाळी, वेल्डर, पाइप, बिले आली आणि बोलणारे पुरुष झाले. दादा फोनवर ‘माझा प्रोजेक्ट’ म्हणतो. लसीचे वेळापत्रक त्याने भिंतीवर लावले आहे: सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, पुढे देवीची, आठव्या आठवड्याला आर-टू-बी. यात त्याचे चुकत काही नाही. मानमोडी आमच्या दारातून गेली ती या थेंबांमुळे, आणि पुण्याला खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र असल्याने पिल्लेही धड मिळतात. पण फाटक मात्र वहिनीने अडून बसून पुरुषभर उंचीचे करून घेतले. “वाकून मी जाणार न्हाई, तुम्ही जाणार असाल तर ठेवा कमरेएवढं.” शिट काढायला आणि तूस उलथायला आत कोण जाणार, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. अंड्यांचे पैसेही तीच ठेवते. बंगल्यांतून अंड्याला पंधरा-वीस रुपये सहज मिळतात. हॉटेलवाल्यांच्या पाट्यांवर ‘चुलीवरचे गावरान’ असते खरे, पण एवढे गावरान मावळात आता आहे कुठे?

एक गोष्ट मात्र मोठ्या आवारात परत दिसायला लागली, छोट्या पिंजऱ्यात ती दिसत नव्हती. भाजे-विसापूरच्या रानात राखी रानकोंबडा आहे, पहाटे त्याची तुटक हाक खाली ऐकू येते. जगभरच्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पाळीव कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय आपल्या या दक्षिणी राखी रानकोंबड्याकडून आले असावेत, असे २००८मध्ये संशोधकांनी जनुके तपासून मांडले. आमच्या टाकव्याकडच्या गावरान कोंबड्यांचे पाय पिवळेजर्द आहेत. त्या दुपारी जांभळीखाली खळगा करून धुळीत लोळतात, पाय ताणतात, एक डोळा मिटतात. संध्याकाळी गिरीराज दांडीवर मुकाट बसतात, पण गावरान जांभळीच्या सगळ्यात वरच्या फांदीवर, जाळ्याला डोके लागेल तिथे जाऊन बसतात. काठीने ढोसून उतरवावे लागते. हा काठीचा कार्यक्रम रोज संध्याकाळी दादा करतो आणि तोंडात शब्द आजीचेच असतात.

आता भांडण उरले आहे ते कोंबड्याच्या आरवण्यावरून. नराला चारपासून कंठ फुटतो. शेजारच्या बंगल्याच्या मालकांनी आधी राखणदाराकरवी निरोप पाठवला, मग स्वतः आले. मुंबईची माणसे, बोलणे सौजन्याचे. झोपमोड होते म्हणाले, काही करता येईल का? त्यांच्याकडचे गाणे रात्री दोनला बंद होते, त्यामुळे चारचा कोंबडा त्यांना लवकर वाटणे साहजिक आहे. दादाने आधी नराला रात्री डालग्याखाली ठेवून पाहिले. जुने डालगे माळ्यावर होतेच. वर पोते टाकले. तो आतून आरवला, थोडा घोगरा. कोंबडे झाकून तांबडे फुटायचे राहत नाही हे सगळ्यांना माहीत असते, पण झाकल्याने कोंबडाही गप्प बसत नाही हे आम्ही त्यात घातले.

आषाढ लागला. आखाडाचे दिवस, श्रावण तोंडावर, घराघरात मटण-कोंबडीचे बेत. त्या बंगल्याचा राखणदार पुन्हा आला. आम्हाला वाटले, तक्रार असेल. त्याने वहिनीला विचारले, रविवारी साहेबांकडे पंधरा पाहुणे आहेत, पिंजऱ्यातला तो तांबडा कोंबडा द्याल का?

वहिनीने बाराशे सांगितले. त्यांनी घासाघीस केली नाही. नवा नर आता टाकव्याहून आणायचा आहे.